वाळुंज नानांची पिवळी रेघ

वाळुंज नाना पहिल्यांदा माझ्याशी बोलले तेव्हा ते माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या स्कूटरच्या मागच्या टायरकडे बघत होते. आम्ही मोशीतल्या सोसायटीत नुकतेच राहायला आलो होतो. सामानाचा टेम्पो रिकामा होत होता, मी तुळशीची कुंडी पोटाशी धरून जिन्याजवळ उभी होते, आणि बनियन-पायजम्यातला एक उंच, वाळका म्हातारा कमरेत वाकून माझ्या स्कूटरशी काहीतरी करत होता.

"हा टायर कुणी इकला तुमाला?"

"काका, स्कूटर नवीन आहे. शोरूममधून आणलीय."

"नवीन हाय आसं शोरूमवाला म्हनला," ते म्हणाले. "म्या इचारलं, कुणी इकला."

मी वर जाऊन नितीनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगितलं की खाली एक विचित्र म्हातारा आहे, जरा जपून राहायला हवं. पुढे कळलं की सोसायटीतल्या प्रत्येकाने पहिल्या दिवशी घरी जाऊन हेच सांगितलं होतं.

नाना आता नाहीत. पण परवा एका ओळखीच्यांच्या दारात उभी होते आणि नमस्कार करायच्या आधीच माझा तळहात त्यांच्या गाडीच्या बॉनेटवर गेला. ते बिचारे चपापले. मीही चपापले. मग दिवसभर नाना डोक्यातून जाईनात.

नाना मूळचे चाकणजवळच्या गावचे. एका मोटारींच्या कंपनीत शेवटच्या तपासणीवर होते. गाडी लाइनीवरून तयार होऊन आली की ती बाहेर सोडायची की मागे पाठवायची, हे ठरवणाऱ्या माणसांतले एक. कंपनीतून निवृत्त झाले, तपासणीतून मात्र झाले नाहीत. खुर्चीवर बसायच्या आधी ती हलवून बघायचे. कलिंगड सगळेच वाजवून घेतात, नाना नारळ, गॅसचा सिलिंडर, फ्लॅटच्या भिंती, सगळंच वाजवून बघायचे. एका गणपतीत त्यांनी मंडपाचे खांब वाजवले आणि मंडपवाल्याशी इतका वाद घातला की त्याने वैतागून एक खांब बदलला. जुना खांब उपटल्यावर खाली कुजलेला निघाला. त्यानंतर सोसायटीची पंचाईत झाली. नानांना हसावं तर हा खांब आठवायचा, आणि मनावर घ्यावं तर रोज सकाळी दूधवाल्याशी चाललेली त्यांची उलटतपासणी कानावर पडायची.

त्यांच्या बायकोला सगळे नानी म्हणत. गोल चेहऱ्याची, सतत काहीतरी निवडत बसलेली बाई. ती सांगायची, "मला बघायला आले तवा माझ्याकडं कमी आन् आमच्या घराच्या वाशांकडं जास्त बगत हुते. वासं पास झालं म्हून मी पास झाले." नाना हे कधी नाकारत नसत.

बसमध्ये ते कधी बसायचे नाहीत. जागा असली तरी ड्रायव्हरच्या मागचा दांडा धरून उभे, नजर रस्त्यावर, आणि ड्रायव्हरने ब्रेक दाबला की यांचा उजवा पाय आपोआप दाबला जायचा. कुठल्याही गाडीत या माणसाचा डोळा लागलेला आपण आजवर पाहिला नाही, असं नानी म्हणायची. "लगीन झाल्यावर जेजुरीला गेलो तवा मी झोपले, ह्ये जागं. परत येतानी मी झोपले, ह्ये जागं. समदी गाडी झोपली तरी ह्ये जागं."

तर अशा या माणसाला आमच्या सोसायटीतला जो कुणी जुनी गाडी घेणार असेल तो सोबत न्यायचा. तसा रिवाजच पडला होता. रविवारी सकाळी नाना इस्त्रीचा शर्ट घालून, एका खिशात बॅटरी आणि दुसऱ्यात रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक घेऊन खाली येऊन उभे राहायचे. पत्र्याला चुंबक चिकटत गेलं की ठीक. मध्येच सुटलं की तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे, म्हणजे गाडी कुठेतरी ठोकलेली आहे. या सगळ्याचे ते कुणाकडून काही घ्यायचे नाहीत. विकणाऱ्याच्या घरी तर पाणीसुद्धा नाही. "चा पिलो की तोंड जड व्हतं," एवढंच कारण. आणि नेमकी हीच गोष्ट लोकांना खटकायची. एक धडधाकट माणूस आपले सगळे रविवार फुकट दुसऱ्याच्या गाडीखाली घालवतो? काहीतरी असणार. कुठल्यातरी डीलरशी संधान असणार. हे बोलणारेच पुढच्या रविवारी त्यांची वाट बघत खाली उभे असायचे, ही गोष्ट निराळी.

माझी वेळ आली ती एका संध्याकाळी. मी चाकणच्या एका कंपनीत पगार आणि हजेरीचं काम बघायचे. येणं-जाणं स्कूटरवर, नाशिक रस्त्याने. त्या दिवशी एका कंटेनरने मला न बघताच डावीकडे घेतलं आणि मी स्कूटरसकट कडेच्या खडीत गेले. लागलं फार नाही, पण कंटेनरची मागची चाकं माझ्या हेल्मेटजवळून गेली तो आवाज अजून कानात आहे. घरी निकाल लागला, आता स्कूटर बंद. कंपनीची बस माझ्या वेळेला नव्हती. शेअर रिक्षा बदलत जायचे तर रोज उशीर. साहेब एकदा-दोनदा हसले, मग हसायचे थांबले आणि म्हणाले, "मॅडम, दिवाळीपर्यंत काहीतरी सोय बघा, नाहीतर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल." नवी गाडी परवडणारी नव्हती. म्हणजे दिवाळीच्या आत एक जुनी, छोटी, धड गाडी मिळाली तर नोकरी, नाहीतर घर. ही नोकरी मी सासरी-माहेरी भांडून धरलेली होती. ती एका कंटेनरपायी जावी याचा मला संताप होता.

नानांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न केला. "रोज त्याच रस्त्यानी जानार?"

"हो."

"मग घाई करू नगंस," ते म्हणाले. घाई हीच तर माझी अडचण होती.

पहिली गाडी भोसरीतल्या एका डीलरकडे होती. चकचकीत पांढरी, बघताक्षणी माझं मन बसलं. डीलर गोड बोलणारा, कपाळाला टिळा, "या ताई, या काका." नानांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. सरळ जाऊन बॉनेटवर तळहात ठेवला.

"गरम हाय."

"आत्ताच बाजूला लावली ना काका. तुमच्यासाठी जागा केली."

"मग गार होऊ द्या. आमी बसतो."

आणि खरंच बसलो. डीलरने चहा मागवला, नानांनी नको म्हटलं. डीलरने सरबत मागवलं, नानांनी नको म्हटलं. डीलरच्या चेहऱ्यावरचा गोडवा उन्हाबरोबर उतरत गेला. मी नानांना हळूच विचारलं, गरम असली तर काय बिघडलं? ते म्हणाले, "आजारी मानूस सकाळी उठताना खोकतो, दुपारी न्हाई. त्यानी हिला सकाळीच खोकवून घेतली." इंजिन पुरतं गार झाल्यावर नानांनी मला गाडीच्या मागे उभं केलं आणि डीलरला किल्ली फिरवायला सांगितली. सायलेन्सरमधून निळसर धूर निघाला आणि बराच वेळ निघत राहिला. "तेल जळतंय," नाना म्हणाले आणि चालू लागले.

त्याच दिवशी परत येताना त्यांनी मला बोल्टवरच्या रेघेबद्दल सांगितलं. नव्या गाडीचं बॉनेट उघडलं तर काही बोल्टांवर रंगाची बारीक रेघ दिसते, अर्धी बोल्टवर, अर्धी पत्र्यावर. बोल्ट नीट आवळलाय हे तपासणाऱ्याने पाना लावून बघायचं आणि मग ती रेघ ओढायची. पुढे कधी बोल्ट फिरवला तर रेघ तुटते. रेघ तुटली म्हणजे कुणीतरी तो भाग खोलला, आणि उगाच कोण खोलतं? नाना जुनी गाडी बघायला बसले की आधी या रेघा बघायचे.

"प्रत्येकाची रेघ येगळी," ते म्हणाले. "आमच्या खात्यात मपली पिवळी. आन् शेवटाला जरा शेपटी. उद्या काय निगालं तर कुनाची मान धरायची त्ये कळाय नको?" मपली म्हणजे माझी. हे सांगताना म्हातारा चांगलाच खुलला होता. मला वाटलं, एवढा गर्व असायला हरकत नाही.

दुसरी गाडी एका डॉक्टरांची होती. म्हणजे विकणारा तसं सांगत होता. एकाच हातची, बाईंनी चालवलेली, फक्त दवाखान्यात जायला-यायला. आतून अत्तराचा घमघमाट. नानांनी नाक उडवलं, पायाखालची चटई उचलून हुंगली आणि मग पुढचा सीटबेल्ट ओढायला लागले. ओढताहेत, ओढताहेत, पार आतून शेवटचं टोक बाहेर येईपर्यंत ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट डाग होता, सरळ रेषेत.

"डागतरबाई दवाखान्यात पवत जायच्या का?" नानांनी विचारलं.

विकणाऱ्याला आधी कळलं नाही. मला कळलं तेव्हा अंगावर काटा आला. ती गाडी कुठल्यातरी पुरात सीटपर्यंत बुडालेली होती. सगळं धुतलं, पुसलं, अत्तर मारलं. पण गुंडाळलेला पट्टा शेवटपर्यंत ओढून कोण धुतो? मी त्या दिवशी घरी येऊन नितीनला म्हटलं, हा माणूस म्हणजे देव आहे.

पुढच्या रविवारी तेच वाक्य मला गिळावं लागलं, कारण नानांनी तिसरी गाडी नापास केली. त्यानंतरच्या पण. एकीचा मीटर कमी आणि पायातल्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत, म्हणजे मीटर मागे फिरवलेला. एकीचं स्टिअरिंग पुरं वळवलं की चाकातून कट्कट् आवाज. एकीत काहीच सापडलं नाही, तरी नाना म्हणाले, "मालक लई लवकर पैसं कमी करतोय." दिवाळी जवळ येत होती. साहेबांनी माझ्या टेबलाशी एका मुलीला 'काम समजून घ्यायला' बसवलं होतं. ती मुलगी चांगली होती, तिला माझं काम चटकन समजत होतं, आणि ते बघून मी रोज रात्री जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळत बसायचे.

नितीन म्हणाला, "तुला कळत नाही का? सगळ्या नापास करायच्या, माणूस टेकीला आला की आपल्या ओळखीच्या डीलरकडे न्यायचं."

मी म्हटलं, असं नसेल. पण त्या दिवसापासून मी नानांवर डोळा ठेवायला लागले. ते फोनवर कुणाशी बोलतात, डीलरशी बाजूला जाऊन कुजबुजतात का, सगळं बघायला लागले. संशय हा तसा सोपा उद्योग आहे, एकदा लागला की दिवसभर पुरतो.

मग जोशीबाईंची गाडी आली. जोशीबाई चिंचवडला स्टेशनच्या बाजूला एकट्या राहायच्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. डोळ्यांचं दुखणं वाढल्यामुळे डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केलेली. आम्ही दाराशी गेलो तर दार उघडायच्या आधी जाळीच्या आडून आवाज आला, "कोण? ओळखपत्र दाखवा."

मी दाखवलं. नानांनीही दाखवलं. बाईंनी नानांचं कार्ड डोळ्याजवळ नेऊन, भिंग लावून, फोटो आणि माणूस असे दोन्ही ताडून पाहिले. "यात केस आहेत," त्या म्हणाल्या.

"हुते तवा," नाना म्हणाले.

मी आयुष्यात पहिल्यांदा नानांची तपासणी होताना बघत होते आणि मला भारी मजा वाटत होती. बाईंनी किल्ली दिली, पण आमच्यासोबत खाली आल्या आणि पर्स काखेत दाबून गाडीच्या शेजारी उभ्या राहिल्या. इंजिन गार होतं. चालू केल्यावर धूर नाही, आवाज नाही. चुंबक सगळीकडे चिकटलं. बेल्ट शेवटपर्यंत कोरा. पेडल आणि मीटर एकमेकांशी जुळणारे. बाईंनी प्रत्येक सर्व्हिसिंग वेळच्या वेळी केलेलं आणि प्रत्येक वेळी मेकॅनिकशी भांडण केलेलं. छोटी, निळी, कोपऱ्यात एक चरा असलेली गाडी. मला ती आवडली. मुख्य म्हणजे मला ती हवी होती.

"चहा ठेवते," बाई म्हणाल्या.

"नगं."

"का? मी त्यात काही घालणार आहे का?"

नानांनी तोवर बॉनेट उघडलं होतं आणि बॅटरीचा उजेड एका बोल्टवर धरला होता. मग दुसऱ्यावर. मग वाकून, चाकाच्या मागून आत. मी डोकावून पाहिलं. बोल्टवर पिवळी रेघ होती, न तुटलेली. शेवटाला जरा शेपटी.

"नाना! ही तर तुमची!" मी जवळजवळ ओरडले. मला वाटलं, आता हा माणूस खुलणार. स्वतःच्या हाताखालून गेलेली गाडी इतक्या वर्षांनी समोर, एकही रेघ न तुटलेली. याहून चांगली खात्री कुठे मिळणार?

नानांनी बॉनेट लावलं. रुमालाला हात पुसले.

"ही घिऊ नगंस," ते म्हणाले, आणि फाटकाकडे चालायला लागले.

बाईंचा चेहरा पडला. "काय वाईट आहे माझ्या गाडीत?" त्यांनी मला विचारलं. मला काय माहीत होतं? मी त्यांना "उद्या सांगते" म्हणाले आणि नानांच्या मागे धावले. रस्ताभर मी विचारत राहिले. बसमध्ये त्या दिवशी ते ड्रायव्हरच्या मागे उभे राहिले नाहीत. सीटवर बसले, खिडकीबाहेर बघत. तेव्हा मला ते कळलं नाही, कारण मी चिडलेली होते. नितीनचं खरं आहे, मी मनात म्हणत होते. धडधडीत चांगली गाडी, आणि हा म्हणतो घेऊ नको. आता बघ, उद्या एखाद्या डीलरचा पत्ता सांगेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना पार्किंगमध्ये गाठलं. "नाना, मी ती गाडी घेतेय," मी म्हटलं. "तुमचं कुठल्या डीलरशी ठरलंय ते मला नका सांगू. लोक बोलतात ते मी खोटं समजत होते."

ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते माझ्याकडे बघत राहिले. माझ्याकडे, टायरकडे नाही.

"डीलर न्हाई, पोरी," ते म्हणाले. "ती रेघ मपली हाय म्हून."

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी नानीलाही कधी सांगितलेलं नव्हतं. लाइनीवर गाडी कमरेच्या उंचीला यायची. वरचे आणि बाहेरचे बोल्ट उभ्याने तपासता येत. पण पुढचं चाक धरून ठेवणारा जो खालचा आर्म असतो, त्याच्या आतल्या बोल्टला पाना लावायचा तर गुडघ्यावर बसावं लागायचं. गुडघा तेव्हाच गेलेला. सांगितलं तर या कामावरून काढतील, ही भीती. महिनाअखेरीला गाड्या सोडायची घाई, ओव्हरटाइम, मागून आरडाओरडा.

"बसायचो न्हाई. हात आत घालून नुसतं पिवळं लावायचो," नाना म्हणाले. "एकदा न्हाई. लई येळा. पाना न लावता रेघ. आन् लाइनीवरच्या पोरांवर डाफरायचो, तुमी नीट आवळत न्हाई म्हून."



"म्हून हिंडतो दुसऱ्यांच्या गाड्या बगत. लोकान्ला वाटतं, म्हातारा फुकट येतो. म्या मपली रेघ हुडकतो. आजवर गावली नव्हती." ते थांबले. "तू रोज त्या कंटेनरांमधनं जानार. त्या बोल्टवर मपला भरोसा न्हाई."

माझा राग कुठे गेला कळलं नाही. मला त्यांची भयंकर दया आली, आणि त्याच वेळी मनात थंडगार भीती बसली. इतकी वर्षं जगातल्या प्रत्येक गोष्टीवर संशय घेणाऱ्या माणसाचा मूळ संशय कुणावर होता ते मला त्या पार्किंगमध्ये कळलं. मग मला एकदम साधी गोष्ट सुचली.

"नाना, पाना आत्ता लावता येईल की."

ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आलंही नसेल.

भोसरीत रफीकभाईंचं गॅरेज होतं. नाना ज्या थोड्या लोकांशी अर्धवट विश्वासाने बोलायचे त्यांतले ते एक. आम्ही तिथे गाडी आणायचं ठरवलं. पण जोशीबाई गाडी एकटी द्यायला तयार होईनात. "तुम्ही लोक मधल्या मध्ये काय बदलाल, मला काय दिसतंय?" म्हणून त्या स्वतः आल्या, एका स्टुलावर पर्स मांडीत घेऊन बसल्या, शेजारी घरून आणलेला चहाचा थर्मास, कारण गॅरेजचा चहा त्या पीत नसत.

गाडी लिफ्टवर कमरेइतकी वर गेली. रफीकभाई म्हणाले, "नाना, आप बैठो, मी बघतो ना."

"न्हाई."

त्यांनी टॉर्कचा पाना मागितला. ठरलेला जोर पडला की हा पाना "कट्" असा आवाज करतो, म्हणजे बोल्ट पक्का आहे. आवाज यायच्या आधीच बोल्ट फिरला, तर सैल. बाहेरचे बोल्ट त्यांनी उभ्यानेच बघितले. कट्. कट्. मग खालच्या आर्मपाशी आले. रॉकेलच्या चिंधीने चिखल पुसला. आत कुठेतरी पिवळं दिसलं.

नाना गुडघ्यावर बसले. बसताना त्यांच्या तोंडातून जो आवाज निघाला तो ऐकून जोशीबाईसुद्धा उठून उभ्या राहिल्या. रफीकभाईंनी पुढे केलेला हात त्यांनी झटकला. पाना आत घातला, बोल्टला बसवला, आणि थांबले. माझ्या नोकरीचा विचार त्या वेळी मनात नव्हता. मी नुसती देवाला म्हणत होते की याचं खरं निघू देऊ नको.

त्यांनी जोर लावला.

कट्.

त्यांनी पाना काढला, परत बसवला, परत जोर लावला. कट्. मग दुसऱ्या बाजूचा. कट्.

नाना लगेच बाहेर आले नाहीत. तसेच गुडघ्यावर, गाडीच्या पोटाखाली, डोकं खाली घालून बसून राहिले. मग नाना आतूनच बोलले.

"ज्यानी आवळला त्यानी चोख आवळलाय."

बाहेर आल्यावर तोंड काळं, डोळे लाल. "कोन व्हतं त्या दिवशी लाइनीवर, काय म्हाईत," ते म्हणाले. "नाव बी इचारलं नसंल म्या. डाफरलो आसंन त्याच्यावर." मग रफीकभाईंकडे वळून, जवळजवळ भांडल्यासारखं, "ही एकच गाडी झाली. बाकीच्यांचं काय?" रफीकभाई पाना पुसून जागेवर ठेवायला लागले.

जोशीबाईंना अर्धंच कळलं होतं. पण त्यांनी थर्मासचं झाकण उघडलं, त्यात चहा ओतला आणि नानांच्या समोर धरला. "आता तरी घ्याल का?"

नानांनी झाकण हातात घेतलं. दूध कधीचं ते विचारलं नाही. हुंगलं नाही. उभ्या उभ्या सगळा चहा प्यायले.

दिवाळीच्या आधीच निळी गाडी आमच्या पार्किंगमध्ये आली. साहेबांनी त्या मुलीला दुसऱ्या खात्यात पाठवलं. नानांचे रविवार मात्र थांबले नाहीत. अजूनही कुणी बोलावलं की चुंबक घेऊन निघायचे, पण आता सगळ्यात आधी चाकांच्या मागे वाकून आतला बोल्ट बघायचे आणि कुणाला कारण सांगायचे नाहीत. लोकांनाही ते आता अधिकच संशयास्पद वाटायला लागले. मी कुणाला काही सांगितलं नाही. रोज सकाळी मी निघायच्या वेळी ते माझ्या बॉनेटवर तळहात ठेवून उभे असायचे. "गार हाय," म्हणायचे. म्हणजे जा.

गुडघा त्या दिवसानंतर पुरताच बिघडला. जिना चढवेना. शेवटी त्यांच्या लेकीने दोघांना कोल्हापूरला आपल्याकडे न्यायचं ठरवलं. नाना पुढे तिथेच वारले, त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते चिंचवड स्टेशनला सोडायला जाताना. कुणीतरी रिक्षा बोलवत होतं. नाना म्हणाले, "हिच्या गाडीतनं जातो."

पुढच्या सीटवर बसायच्या आधी त्यांनी सीट हलवून बघितली. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितला. मी हसले, मागे नानी हसली. नाना हसले नाहीत. मोशीतून निघालो, भोसरी मागे पडली, त्यांचा उजवा पाय माझ्या ब्रेकबरोबर दाबला जात होता, नजर समोर. नाशिक फाट्यावर एका टेम्पोने मला दाबलं आणि मी करकचून ब्रेक मारला. नानांचा उजवा पाय हलला नाही. मला वाटलं, त्यांना काही झालं. मी घाबरून बघितलं.

मान खिडकीकडे कललेली, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल. मागून नानी पुढे वाकली, बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "झोपले गं."

स्टेशन आलं. कोल्हापूरच्या गाडीला अजून वेळ होता. मी फाटकाशी न थांबता पुढे गेले आणि सावकाश, खड्डे चुकवत, आणखी एक फेरा मारला.